डीचं ई झालं, चार्ज तोच राहिला, तरी कॅल्शियम काहून नीट बसत नाही?

तर्रीवाली_बायोकेम लिहिते:

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिली आहे. बायोकेमच्या शेवटच्या सेमला आहे, सेमिनारचा विषय हौसेनं मीच निवडला अन् आता फसली आहे. विषय आहे डोळ्याच्या पडद्यातल्या फोटोरिसेप्टर पेशींमधलं जीकॅप-१ हे प्रोटीन, म्हणजे ग्वानिलेट सायक्लेज अ‍ॅक्टिव्हेटिंग प्रोटीन, आणि त्यातल्या म्युटेशनमुळे कॅल्शियम बाइंडिंगचं काय होते ते.

परवा मॅडमसमोर प्रॅक्टिस टॉक होता. डी१००ई ची स्लाइड आली, म्हणजे १०० नंबरच्या जागी अ‍ॅस्पार्टेट होतं तिथं ग्लुटामेट आलं, अन् त्यानं कोन डिस्ट्रॉफी होते, म्हणजे उजेडात अन् रंगात काम करणाऱ्या कोन पेशी झिजत जातात. मॅडम म्हणाल्या, दोघंही आम्ल, दोघांवर मायनस चार्ज, मग आजार कशानं? ब्लोसम-६२ च्या टेबलमध्ये, म्हणजे कोणतं अमिनो आम्ल कोणाच्या जागी किती चालते त्याच्या मार्कांत, तर डी-ई ला प्लस २ मार्क आहेत, म्हणजे या बदलानं काही बिघडायला नको. मी गप्प.

पुढच्या स्लाइडवर मी बाण काढले होते, कॅल्शियम बाइंडिंग कमी, मग प्रोटीन निकामी, मग सीजीएमपी (पेशीतले चॅनल उघडे ठेवणारा निरोप्या रेणू) कमी, मग पेशी मरते. मॅडम फक्त एवढंच म्हणाल्या, "उलटं आहे, घरी जाऊन विचार कर", अन् चहा प्यायला निघून गेल्या.

आणखी एक. सीनियरनं क्लोन करून ठेवलेलं होतं म्हणून मी स्वतः जेल लावली, म्हणजे विजेनं प्रोटीन किती खाली पळते ते पाहिलं. एका लेनमध्ये १ मिलिमोलर कॅल्शियम, शेजारी ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन), वाइल्ड टाइप म्हणजे न बदललेलं प्रोटीन आणि डी१००ई दोघांचंही. वाइल्ड टाइप कॅल्शियमसोबत खाली पळते हे वाचलं होतं, तसंच झालं, पण डी१००ई पण खाली पळाला की, थोडाच कमी! मग बाइंडिंग बिघडलं कुठं? सोमवारी सेमिनार आहे, झोप उडाली आहे, कोणी तरी सांगा.

---

महालचा_पिंट्या लिहितो:

मले वाटलं पोह्यावरच्या तर्रीचा धागा आहे म्हणून उघडला. एवढं शिकून काय करून राहिले बे तुम्ही लोक. असो, वर आणून ठेवतो, कोणी जाणकार येईलच.

---

बफरबुवा लिहितो:

ताई, मॅडम बरोबर आहेत, चहाला गेल्या ते सोडून. बारा वर्षं ही प्रोटीनं शुद्ध करण्यात घालवली म्हणून दोन शब्द, तुझ्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो सुटला की बाकीचं सोपं जाते.

गच्चीवरची पाण्याची टाकी घे. मोटर चालू होते, पाणी चढते, टाकी भरली की फ्लोट वर येतो अन् मोटर बंद पडते. पेशीमध्ये मोटर म्हणजे रेटजीसी-१ हे सायक्लेज एन्झाइम, ते जीटीपीपासून सीजीएमपी बनवते. फ्लोट म्हणजे तुझं जीकॅप-१. अंधारात सीजीएमपी भरपूर असते, त्यानं पेशीच्या पडद्यातले चॅनल उघडे राहतात, त्यातून सोडियम आणि कॅल्शियम आत येत राहते, कॅल्शियम जीकॅपवर बसते आणि जीकॅप मोटरला म्हणते बस आता, बंद. प्रकाश पडला की ऱ्होडॉप्सिन, ट्रान्सड्युसिन, फॉस्फोडायएस्टरेज अशी साखळी चालते, सीजीएमपी फुटते, चॅनल बंद होतात, पण एक्सचेंजर कॅल्शियम बाहेर फेकतच राहतो, म्हणून आत कॅल्शियम घसरते. उंदराच्या रॉड पेशीत (अंधारात पाहणाऱ्या) अंधारात साधारण २५० नॅनोमोलर असते ते उजेडात २० च्या आसपास येते. तेव्हा जीकॅपवरून कॅल्शियम उतरते, त्या जागी मॅग्नेशियम बसते, अन् तेच जीकॅप आता मोटर चालू करते, म्हणजे पेशी पुढच्या उजेडासाठी परत तयार.

आता बघ, कॅल्शियम हे इथं थांबवणारं आहे, चालवणारं नाही. म्युटेशननं कॅल्शियमची पकड सैल झाली म्हणजे फ्लोट वर यायला टाकी आणखी, आणखी भरावी लागते. अंधारातल्या २५० नॅनोमोलरला वाइल्ड टाइप मोटर बंद करते, म्युटंटला तेवढ्यात पत्ताच लागत नाही, मोटर सुरूच. सीजीएमपी जास्त, चॅनल जास्त उघडे, कॅल्शियम सतत चढलेलं, अन् वर्षानुवर्षं असं राहिलं की पेशी मरते. तुझा पहिला बाण बरोबर आहे, दुसरा खोड. प्रोटीन निकामी नाही झालं, प्रोटीन कामावरून घरी जायचं विसरलं.

म्हणूनच हा आजार डॉमिनंट आहे. दोन मोटरी आहेत, दोघींना वेगळा फ्लोट. एकाचा फ्लोट चांगला, ती वेळेवर बंद झाली, दुसरी रात्रभर चालू. टाकी वाहणारच, शेजारचे काका ओरडणारच. एक चांगली कॉपी असून उपयोग नाही.

जेलचं नंतर लिहितो, पोरगी शाळेतून यायची वेळ झाली.

---

रविनगरचा_केमिस्ट लिहितो:

बफरबुवांची टाकी छान आहे पण एक खुसपट काढतो, सवय आहे. फ्लोट पाणीच मोजतो. जीकॅप सीजीएमपी मोजत नाही, सीजीएमपीनं उघडलेल्या दारातून किती कॅल्शियम आत आलं ते मोजते. म्हणजे पाणी वाहून जिन्यात आलं की जिन्यातला ओलावा पाहून मोटर बंद करणारा माणूस. सेमिनारमध्ये टाकी सांगशील तर हा फरक स्वतःच सांगून टाक, नाही तर कोणी तरी विचारेलच.

आता डी आणि ई. मी कॉलेजात कॉम्प्लेक्स केमिस्ट्री शिकवतो, प्रोटीनचा माणूस नाही, पण हा प्रश्न कोऑर्डिनेशनचाच आहे. कॅल्शियम बसते ती जागा म्हणजे ईएफ-हँड, दोन हेलिक्स (मळसूत्री तुकडे) आणि मध्ये १२ अमिनो आम्लांचा लूप. नाव १९७३ मध्ये क्रेत्सिंगरनी दिलं, कार्प माशाच्या स्नायूतल्या पार्व्हाल्ब्युमिनवरून, त्यात हेलिक्सना ए पासून एफ पर्यंत अक्षरं दिली होती, त्यातल्या ई आणि एफ ची जोडी हाताच्या अंगठ्यासारखी अन् पहिल्या बोटासारखी दिसते म्हणून. लूपमधल्या १, ३, ५, ७, ९ आणि १२ नंबरच्या जागा कॅल्शियमला धरतात. एकूण सात ऑक्सिजन, आकार पंचकोनी द्विपिरॅमिड. १, ३, ५ प्रत्येकी एक ऑक्सिजन देतात, ७ नंबर पाठकण्यातल्या कार्बोनिलमधून देतो, ९ नंबर बहुतेक वेळा मध्ये पाण्याचा रेणू ठेवून, अन् १२ नंबरचं ग्लुटामेट एकटंच दोन देते.

जीकॅप-१ मध्ये चार ईएफ-हँड आहेत. पहिला कॅल्शियम धरतच नाही, त्याचं काम सायक्लेजला चिकटणं. दुसरा, तिसरा, चौथा धरतात. तिसऱ्याचा लूप १०० पासून १११ पर्यंत. म्हणजे तुझा डी१०० हा त्या लूपचा १ नंबर. आता मजा इथं आहे. या १ नंबरवर निसर्गानं जवळजवळ सगळीकडे अ‍ॅस्पार्टेटच ठेवलेलं आहे, कारण त्याची साखळी आखूड आहे, कार्बोक्सिलेटचा एक ऑक्सिजन कॅल्शियमकडे अन् दुसरा लूपच्याच पाठकण्यातल्या एनएच गटांना हायड्रोजन बंधानं धरून लूप ताणून ठेवतो. ग्लुटामेट म्हणजे मध्ये एक सीएच२ जास्त, साधारण दीड अँग्स्ट्रॉम. कॅल्शियम आणि ऑक्सिजनमधलं अंतरच साधारण २.४ अँग्स्ट्रॉम असते, त्या हिशोबात दीड म्हणजे काही कमी झालं का? सात जणांनी मिळून एक भांडं उचललं अन् एकाचा हात वीतभर लांब आहे, तो वाकवून बसवावा लागेल, मग लूपची बाकी घडी बिघडेल.

चार्ज तोच हे खरं, पण कॅल्शियम आकर्षित होणं वेगळं आणि नीट बसणं वेगळं. ब्लोसमचे मार्क हे हजारो प्रोटीनांचे सरासरी मार्क आहेत, पृष्ठभागावरच्या डी-ई मध्ये खरंच फरक पडत नाही, तुझी जागा पृष्ठभागावरची नाही.

उलटं उदाहरण दे, मॅडम खूश होतील. १२ नंबरच्या ग्लुटामेटचं अ‍ॅस्पार्टेट केलं, म्हणजे साखळी आखूड केली, तर पार्व्हाल्ब्युमिनमध्ये करून पाहिलेलं आहे, सातऐवजी सहाच ऑक्सिजन पोचतात आणि ती जागा मॅग्नेशियमला जास्त आवडायला लागते, कारण मॅग्नेशियमला सहाच लागतात. एका टोकाला आखूडच पाहिजे, दुसऱ्या टोकाला लांबच पाहिजे.

---

तर्रीवाली_बायोकेम लिहिते:

सर, हे तर भारी आहे. एक सांगायचं राहिलं, आता कोडॉन टेबल पाहिलं तर डी म्हणजे जीएयू जीएसी अन् ई म्हणजे जीएए जीएजी, म्हणजे बदल फक्त तिसऱ्या अक्षरात. आम्हाला तर फर्स्ट इयरला घोकवलं होतं की तिसऱ्या अक्षरानं काही होत नाही 😭

पण एक अडलं. वाय९९सी, हे तर सर्वात जुनं, १९९८ मध्ये सापडलेलं म्युटेशन, त्यात ९९ नंबर लूपच्या बाहेर आहे न? टायरोसिन कॅल्शियमला हातही लावत नाही, मग ते काहून?

---

रविनगरचा_केमिस्ट लिहितो:

बाहेर म्हणजे दाराला लागून. ९९ हा हेलिक्सच्या शेवटचा, १०० च्या चिकटून शेजारी. टायरोसिनची मोठी चकती आतल्या तेलकट भागात रुतून बसलेली असते, ती काढून इवलंसं सिस्टीन ठेवलं की लूपची चौकट हलते. दार ठीक आहे, भिंत सरकली, कडी लागत नाही. ई१५५जी चं उलट सरळ आहे, चौथ्या लूपचा १२ नंबर, दोन ऑक्सिजन देणारं ग्लुटामेट काढून ग्लायसिन ठेवलं ज्याला साखळीच नाही. ई१११व्ही पण तसंच, फक्त तिसऱ्या लूपचं. एन१०४के म्हणजे ५ नंबरला लायसिन, प्लस चार्जवाला पाहुणा थेट प्लस चार्जच्या कॅल्शियमपुढे, त्याला तर काही समजावायचीच गरज नाही.

स्लाइडवर सगळी म्युटेशनं एका रांगेत टाकू नको. पी५०एल तर या गटातलं वाटतच नाही, ते लूपपासून लांब आहे, त्यात कॅल्शियमची पकड फारशी बदलत नाही, प्रोटीन कमी टिकाऊ होते. सगळंच कॅल्शियमवर ढकललं की कोणी ना कोणी पी५०एल काढेल.

---

धंतोलीकर लिहितो:

धागा वाचून हात राहवला नाही. मी सायन्सवाला नाही, बँकेत आहे. माझ्या आईला, मोठ्या मामांना अन् त्यांच्या मुलीला हेच आहे. रिपोर्टवर लिहिलंय जीयूसीए१ए (म्हणजे जीकॅप-१ चं जीन), टायरोसिन ९९ सिस्टीन, हेटेरोझायगस, म्हणजे दोनपैकी एकच कॉपी बिघडलेली. आज पहिल्यांदा कळलं की त्या ओळीचा अर्थ काय.

मामांना चाळिशीत एका डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, ऑपरेशन झालं, फरक शून्य. त्याआधी कोणी तरी व्हिटॅमिन ए चे डोस दिले होते, कारण डोळ्याचा आजार म्हटला की लोकांना रातांधळेपणच आठवते. मामांचं उलटं होतं. संध्याकाळी फुटाळ्यावर नेलं तर बोटी, फुगेवाला, समोरचा माणूस सगळं सांगायचे. अन् मे महिन्यात दुपारी दोन वाजता सीताबर्डीच्या सिग्नलवर उभे केले तर डोळे मिटून घ्यायचे, लाल की हिरवा ते आम्हाला विचारायचे. आम्ही लहान होतो, आम्हाला वाटे मामा नखरे करतात. नागपूरच्या उन्हाला घाबरत नाही असा कोण आहे, त्यामुळे कोणाला वेगळं वाटलंच नाही.

प्रश्न हा की मी ३४ चा आहे, नजर ठीक आहे, मुलगी ६ वर्षांची आहे. आम्ही तपासायचं का? अन् ते जीन थेरपी जे पेपरात येते, त्याचं काय?

---

मेडिकल_चौकातला लिहितो:

धंतोलीकर भाऊ, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

मामांचं जे सांगितलं ते अगदी कोनचं वर्णन आहे. उजेडात अन् रंगात कोन पेशी काम करतात, अंधारात रॉड. जीकॅप-१ दोघांतही आहे, पण रॉडमध्ये जीकॅप-२ पण सोबतीला असते, कोनमध्ये बराच भार जीकॅप-१ वरच, म्हणून आधी कोन जातात. आमच्याकडे ईआरजी (उजेडाला पडद्यातून येणारी विजेची लाट मोजायची चाचणी) करतात त्यात ३० हर्ट्झचा फ्लिकर दाखवतात, कोनचा आजार असेल तर तिथं लाट सपाट होते अन् अंधारातली लाट सुरुवातीला बऱ्यापैकी चांगली असते. ही चाचणी न करता नुसता टॉर्च मारून पडदा पाहिला तर सुरुवातीला चुकू शकते, अन् चुकतेच.

आईला आहे म्हणजे तुमच्याकडे यायची शक्यता ५० टक्के. घरात म्युटेशन आधीच सापडलंय म्हणून तुमची तपासणी सोपी, तेवढी एकच जागा पाहायची असते. आधी तुमची करा. तुमच्यात नसेल तर मुलीचा प्रश्नच मिटला, तिला सुई टोचायचीही गरज नाही. तुमच्यात निघालं तर मग जेनेटिक काउन्सेलरसोबत बसून तिचं ठरवा, घाई करू नका, लहान मुलांच्या तपासणीचा निर्णय घरच्यांनी समजून घ्यायचा असतो.

जीन थेरपीचं, पेपरात जी येते ती बहुतेक आरपीई६५ वाली, लक्सटर्ना, २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली. त्यात दोन्ही कॉपी बिघडलेल्या असतात अन् चांगली कॉपी घातली की काम होते. तुमच्या घरच्या आजारात एक चांगली कॉपी आधीच असते. बफरबुवांच्या भाषेत सांगायचं तर तिसरा चांगला फ्लोट लावून वाहणारी मोटर बंद होत नाही, खराब फ्लोटच काढावा लागतो, त्यावर उंदरांमध्ये काम झालेलं आहे, आज दवाखान्यात मिळेल असं काही नाही. कोणी पैसे घेऊन देतो म्हटलं तर पळा.

मामांना आजच करता येईल असं एक सांगतो. तांबूस-तपकिरी टिंटचा चष्मा, बाजूनं पण झाकलेला, अन् वरून टोपी. साधा काळा गॉगल नाही. लो व्हिजन क्लिनिकमध्ये वेगवेगळे टिंट लावून, बाहेर उन्हात उभं करून ठरवतात. आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली ठरवून घेऊ नका.

---

महालचा_पिंट्या लिहितो:

मी मस्करी करायला आलो होतो अन् आता मोटरचा फ्लोट डोक्यातून जाऊन नाही राहिला. आमच्या बिल्डिंगची टाकी काल रात्रीच वाहिली, खरं सांगतो.

एक बावळट प्रश्न, फ्लोट ठीक असेल अन् मोटरच ऐकत नसेल तर?

---

बफरबुवा लिहितो:

पिंट्या भाऊ, बावळट नाही, तोही आजार आहे. मोटरचं जीन जीयूसीवाय२डी. त्यात ८३८ नंबरचं आर्जिनिन बदललं की मोटर जीकॅपचं नीट ऐकत नाही, कॅल्शियम भरपूर असतानाही चालू राहते, ही कोन-रॉड डिस्ट्रॉफी, डॉमिनंट. अन् त्याच मोटरच्या दोन्ही कॉपी जळाल्या तर पाणी चढतच नाही, बाळ जन्मापासूनच जवळजवळ पाहू शकत नाही, लेबर कॉन्जेनिटल अ‍ॅमॉरोसिस. ताई, तू स्लाइडवर काढलेले बाण खरं तर या दुसऱ्या आजाराचे होते! फेकू नको ती स्लाइड, शेजारी शेजारी लाव.

आता जेल. तुझी चूक जेलमध्ये नाही, बाटलीत आहे. १ मिलिमोलर म्हणजे दहा लाख नॅनोमोलर. पेशीत अंधारात असते २५०. तू पेशीच्या चार हजार पट कॅल्शियम ओतलं आणि विचारलं बसतंय का. बसणारच की. पकड दहा पट सैल असली तरी एवढ्यात भरून जाते, शिवाय दुसरा अन् चौथा ईएफ-हँड तर धडधाकट आहेत, जेलमध्ये खाली पळण्यात त्यांचाही वाटा आहे. तुला जो "थोडाच कमी" दिसला तो थोडा फरक म्हणजेच तिसरा हात.

खरा प्रश्न हा की किती कॅल्शियमला सायक्लेज अर्धं बंद होते. त्यासाठी २० पासून वर काही हजार नॅनोमोलरपर्यंत पायऱ्या लावाव्या लागतात, अन् तिथं खरा छळ सुरू होतो. तुझ्या डिस्टिल्ड वॉटरमध्येच कॅल्शियम मायक्रोमोलरमध्ये असू शकते, काचेच्या बाटलीतून निघते, पीएच इलेक्ट्रोडवरून येते. म्हणून प्लॅस्टिकची भांडी, चेलेक्समधून (कॅल्शियम गाळून घेणारे मणी) काढलेलं पाणी अन् ईजीटीएचे बफर. आणि ईजीटीए पीएचला इतकं हळवं आहे की पीएच एकनं हललं की त्याची पकड जवळजवळ शंभर पट बदलते. माझा एक अख्खा महिना यात गेला आहे. उन्हाळा होता, लॅबचा एसी बंद, ट्रिस बफरचा पीएच मी सकाळी थंड खोलीत लावायचो अन् दुपारी चाळीस डिग्रीत वापरायचो. ट्रिस गरम झालं की पीएच खाली सरकते. माझे म्युटंट दर दुपारी बरे व्हायचे अन् दर सकाळी आजारी पडायचे. सरांना वाटलं मी काही तरी भन्नाट शोधलं.

आणखी एक विचार सीनियरला, क्लोनमध्ये मायरिस्टॉयल आहे का? खऱ्या जीकॅपच्या टोकाला ती चरबीची शेपटी असते. बॅक्टेरिया ती स्वतः लावत नाहीत, सोबत यीस्टचं एनएमटी एन्झाइम घालावं लागते, अन् मानवी जीकॅप-१ मध्ये त्यासाठी सहाव्या जागी सेरीन करून घेतात. ते नसेल तर तुझे आकडे पुस्तकातल्याशी जुळणार नाहीत आणि तू म्युटेशनला शिव्या देत बसशील.

---

तर्रीवाली_बायोकेम लिहिते:

सीनियरला फोन केला. सेरीन आहे, एनएमटी पण आहे. पण बफर ट्रिसचाच आहे अन् पीएच तिनं फ्रीजमधून काढल्या काढल्या लावला होता 🤦‍♀️

आता सोमवारपर्यंत टायट्रेशन शक्य नाही, म्हणून जेलचा फोटो ठेवते आणि खाली सरळ लिहिते की हे पेशीच्या चार हजार पट कॅल्शियमला केलेलं आहे, यावरून पकडीबद्दल काही म्हणता येत नाही. पुढच्या स्लाइडवर दोन वक्ररेषा हातानं काढते, एक वाइल्ड टाइपची, एक उजवीकडे सरकलेली, अन् २५० वर उभी रेघ. त्या रेघेवर पहिलीची मोटर बंद, दुसरीची अजून चालू.

धंतोलीकर दादा, तुम्ही परवानगी दिली तर मामांचा सिग्नलचा किस्सा नाव न घेता सांगू का?

---

धंतोलीकर लिहितो:

सांग बिनधास्त. मामांना आत्ताच फोनवर धागा वाचून दाखवला, म्हणाले फ्लोट म्हणजे तो प्लॅस्टिकचा गोळा न? तो बदलून मिळत नाही म्हणजे टाकीच उतरवून ठेवा आता. टिंटच्या चष्म्यासाठी शनिवारी नेतो आहे, अकरानंतर जाऊ, म्हणजे बाहेर ऊन असेल.